दहिवलकर बाईंची अन्नसाखळी

"...आणि ही साखळी तुम्ही कुठं बघितली?"

बाबलतात्यांनी प्रमिला दहिवलकर बाईंना अगदी साधेपणानं विचारलं. बावीस वर्षं नववीच्या फळ्यावर त्या एकच चित्र काढत आल्या होत्या. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. मधे सुबक बाण.

"बघायची कशाला? पुस्तकात आहे."

कोकणातल्या जंगलात विज्ञान शिक्षकांचं शिबिर चाललं होतं. तात्या तिथल्याच गावचे; पदवी नव्हती, पण जंगल शिकवायला तेच.

तात्यांनी ओढ्याकडे बोट केलं. "यातला एक बाण बघून या. एकच."

बाई धुसफुसल्या. आदर्श शिक्षिकेला ओढ्याकाठी बसवायचं म्हणजे अतीच झालं! पण निरीक्षणाच्या वहीवर तात्यांची सही झाल्याशिवाय प्रमाणपत्र नव्हतं, आणि हात हलवत परतल्या असत्या तर शाळेत तोंड दाखवायची सोय उरली नसती.

पहिल्या दिवशी डास चावले. दुसऱ्या दिवशी जळवा. वही कोरीच.

तिसरा दिवस शेवटचा. बाईंचा धीर सुटत चालला, तोच समोरच्या दगडावर नखाएवढा बेडूक येऊन बसला. बाई श्वास रोखून नाकतोड्याची वाट पाहू लागल्या.

नाकतोडा आलाच नाही. दगडाच्या कडेनं एक भलामोठा कोळी आला आणि त्यानं बेडकालाच धरलं...

बाई किंचाळल्या. मग एक चप्पल हातात घेऊन, चिखलातून घसरत पळत सुटल्या.

"तात्या! कोळ्यानं बेडूक खाल्ला! कोळ्यानं! बावीस वर्षं मी बेडूक सापाशिवाय कुणाला खाऊच दिला नाही हो!"

एवढ्या आनंदानं आपली चूक सांगणारं माणूस शिबिरात कुणी पाहिलं नव्हतं. तीस शिक्षक तोंड वासून उभे. बाई हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कशाचीच लाज वाटत नव्हती.

मग एकदम भानावर येऊन त्यांनी वही पुढं केली. "लिहायचं मात्र राहिलं..."

तात्यांनी कोऱ्या पानावर झरझर सही ठोकली. काठी उचलली. पायवाटेपर्यंत आले आणि बाजूला सरून बाईंना वाट करून दिली. शिबिरात प्रथमच ते आपल्या मालवणीत बोलले.

"सत्तर वर्सां झाली हयसर, बाई. ह्यां मियां कधी बघूक नाय... तुमी फुडे व्हा. मी मागसून येतंय."