माफीनाम्यातला 'आम्ही'

"पण बाबा, मी वर्णद्वेषी आहे का? एवढं एकच सांगा."

दर्याबाबा बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होते. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तो कावळा हाकल आधी," ते म्हणाले.

जगदीश मोकलने कावळा हाकलला. माणूस किनारा विकास पक्षाचा, जिल्हा परिषदेचा उमेदवार. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात पक्षाचं उपरणं आणि हातात कावळे हाकलायची काठी. कार्यकर्ते टेकडीखाली गाडीतच बसले होते हे त्याचं नशीब, नाहीतर याचाही व्हिडिओ झाला असता.

व्हिडिओनेच तर घात केला होता. परवा बाजारपेठेतल्या सभेत जगदीशभाऊ रंगात आले. विरोधात उमेदवार होत्या खारवाडीच्या रेहानाबाई, पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. खारवाडी म्हणजे सिद्दी लोकांची वस्ती. यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून समुद्रमार्गे या किनाऱ्याला आले आणि इथलेच झाले. भाऊ माईकवर म्हणाले, "बाईंचं पोस्टर अजून का लागलं नाही माहितीये? छापखान्यातली काळी शाई संपली." लोक हसले. लोक हसले की भाऊंना राहवत नाही, म्हणून पुढे म्हणाले, "आणि कुठल्या बोटीतून उतरले, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही."

संध्याकाळपर्यंत ते जिल्हाभर पोचलं. खाडी बचाव आघाडीने, म्हणजे रेहानाबाईंच्या पक्षाने, तहसीलदार कचेरीसमोर घोषणा दिल्या. जगदीशच्या पक्षाने आघाडीच्या पुढाऱ्यांच्या जुन्या भाषणांच्या चित्रफिती उकरून काढल्या. दोन्हीकडची माणसं एकमेकांना वर्णद्वेषी म्हणत सुटली, आणि ज्या बाईंवरून हे सगळं चाललं होतं त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस. जिल्हाध्यक्षांनी सकाळीच बजावलं होतं की दोन वाजेपर्यंत माफीनामा आणि दर्याबाबांसोबतचा फोटो हातात पडला तर बी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या चिन्हाचा कागद, जगदीशला. नाहीतर पक्षातल्याच विलास पाटणेला. वीस वर्षं सतरंज्या उचलल्यावर हे तिकीट मिळालं होतं. सकाळपासून भाऊंच्या घशाखाली चहा उतरला नव्हता.

फोटो बाबांसोबतच का? कारण बाबा जन्माने खारवाडीचे. रंग तव्याच्या बुडाचा. तरुणपणी फकिरी घेऊन या टेकडीवर येऊन राहिले ते राहिलेच. आणि जगदीश त्यांचा पट्टशिष्य, निदान तो स्वतः तरी तसं सांगायचा. तीस वर्षं दर गुरुवारी इथे येऊन बसायचा, मन शांत करून जायचा आणि खाली उतरल्यावर ते पुन्हा अशांत करायचा.

"तुम्हीच सांगा," जगदीश म्हणाला. "तीस वर्षांत मी तुमचा रंग कधी पाहिलाय का? खरंच सांगतो बाबा, मला तो दिसलाच नाही."

"अरे देवा," बाबा म्हणाले. "तीस वर्षं कुणाकडे बघत होतास मग?"

जगदीशला हसू आलं. मग लगेच आपण हसलो याचं वाईट वाटलं.

"आणि त्यांनी काय कमी केलंय? मागच्या निवडणुकीत त्यांचा तो पुढारी मला भर सभेत 'मिठागरातलं बुजगावणं' म्हणाला. आगरी आहे म्हणून. तेव्हा नाही आठवला यांना वर्णद्वेष?"

"लागलं होतं?"

"लागणार नाही का? आठ दिवस झोप नव्हती."

"बरं झालं. म्हणजे कुठे लागतं ते तुला ठाऊक आहे."

...

एक बोंबील खाली पडला होता. बाबांनी तो उचलला, फुंकर मारली आणि परत टांगला.

"काय लिहून आणलंयस ते वाच," ते म्हणाले.

जगदीशने खिशातला कागद काढला. पक्षाच्या कार्यालयातून टाइप होऊन आलेला, वर चिन्ह, खाली सहीची जागा. त्याने घसा साफ केला आणि सभेतल्या आवाजात सुरुवात केली.

"आम्ही खारवाडीच्या बांधवांना नेहमीच आपले मानत आलो आहोत..."

"थांब. हा 'आम्ही' कोण?"

"आम्ही म्हणजे... आम्ही सगळे."

"मी आहे त्यात?"

जगदीशने कागदाकडे पाहिलं. मग बाबांकडे.

"तुम्ही तर आमचेच आहात, बाबा."

"परत आमचे."

"म्हणजे, आम्ही तुम्हाला कधी परकं..." जगदीश पुढचा शब्द कागदात शोधू लागला.

"जगू, तुझ्या मायबोलीत दोन शब्द आहेत," बाबा म्हणाले. "घरी जेवायला बसताना काय म्हणतोस? आम्ही जेवू या?"

"आपण जेवू या."

"आणि पाहुण्याला हाकलायचं असलं तर?"

"आम्ही आता जेवतो."

"हुशार आहेस. आता तो 'आम्ही' खोड आणि तिथे 'आपण' घाल."

जगदीशने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. सोपं काम होतं, एका शब्दाचं. त्याने खाडाखोड करून पुन्हा घसा साफ केला.

"आपण खारवाडीच्या बांधवांना नेहमीच आपले..."

तो थांबला. मनातल्या मनात पुन्हा वाचलं. खारवाडीच्या चौकात उभं राहून हे खारवाडीच्याच लोकांना म्हणायचं होतं. आपण आपल्याला आपले मानतो.

"काय झालं?" बाबांनी साळसूदपणे विचारलं.

"याला काही अर्थच राहिला नाही."

"हो ना," बाबा म्हणाले आणि हसत सुटले. उरलेले चार दात दाखवत, पोट धरून हसले. "चौकात वाच हे. लोक म्हणतील, भाऊंना ऊन लागलं."

जगदीशलाही हसू फुटलं. दोघं वलांडीखाली बसून पोरांसारखे हसत राहिले आणि त्या गडबडीत एक कावळा बोंबील घेऊन गेला.

"पुढचं वाक्य घे," बाबा डोळे पुसत म्हणाले.

"त्यांच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास..."

"त्यांच्या?"

"...आपल्या," जगदीशने दुरुस्त केलं. "आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास."

"गेल्या असल्यास? तुला शंका आहे?"

जगदीशने 'असल्यास' खोडलं. मग 'पक्षाची सर्वसमावेशक भूमिका' खोडली. मग 'विरोधकांनी विपर्यास केला' हे खोडलं, आणि हे खोडताना त्याला थोडा त्रास झाला, कारण ते वाक्य त्याने स्वतः सुचवलं होतं. कागदावर वर चिन्ह राहिलं आणि खाली सहीची जागा राहिली.

रेहानाबाई आत्ता घरात काय करत असतील, असं त्याच्या मनात आलं. दोन दिवसांत हे पहिल्यांदाच आलं होतं. त्याला एकदम भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. जिल्हाध्यक्ष.

"जगदीशराव, झालं का? बाबांना मिठी मारलेला घ्या, तो चांगला येतो. आणि पत्र?"

"पत्र खोडलं, साहेब."

"काय?"

"काही उरलंच नाही त्यात. मी असं करतो, खारवाडीला जातो. बाईंच्या घरी."

"अहो, कॅमेरा घेऊन जा मग, उत्तमच."

"कॅमेरा नको."

पलीकडे अध्यक्षांनी आवाज खाली आणला.

"जगदीशराव, खारवाडीला जाऊन यायला दीड तास. आत्ता एक वाजतोय. दोनला तुम्ही इथे नसलात तर मला विलासचं नाव लिहावं लागेल. वीस वर्षं काढलीत हो तुम्ही."

जगदीशने खाली पाहिलं. टेकडीखाली त्याची गाडी उभी होती, बोनेटवर त्याचाच हात जोडलेला फोटो. तिथून एक रस्ता तालुक्याला जात होता आणि एक खाडीकडे, खारवाडीला. वीस वर्षं.

"लिहा, साहेब," तो म्हणाला. "विलास बरा आहे. भाषणं कमी करतो."

फोन ठेवल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. त्याने गळ्यातलं उपरणं काढून खिशात कोंबलं. आपण काहीतरी मोठं केलं असं त्याला वाटलं, आणि गुरूलाही तसंच वाटत असणार याची त्याला खात्री होती. बाबा बोंबील मोजावेत तसे शांतपणे त्याच्याकडे बघत होते.

आता फक्त ते दार राहिलं होतं. बाई दार उघडणार, चष्म्यातून बघणार. शाळेत बाईंच्या वर्गात असल्यापासून त्या नजरेला तो घाबरायचा. त्या दारात एकट्याने उभं राहणं त्याला जमणारं नव्हतं. बाबा सोबत असले तर बरं पडेल. बाई निदान दार तरी लावून घेणार नाहीत.

शिवाय आज शिकलेला शब्द त्याच्या जिभेवर अगदी ताजा होता.

त्याने वाकून बाबांच्या चपला सरळ करून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"चला बाबा," तो मोठ्या प्रेमाने म्हणाला. "आपण जाऊ आणि आपण माफी मागू."

बाबांनी चपलांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग पाय जवळ ओढून ते निवांत मांडी घालून बसले.

"आपण? मी काय बोललो रे?"