बोकेशेठच्या कायम ताज्या गोळ्या

एक होती खार. तिचं नाव झुबकी. शेपूट भलं मोठं, बाकी सगळी एवढीशी.

एकदा झुबकीला एक बदाम सापडला. टपोरा, लालसर बदाम. तिने तो खाल्ला नाही. गालात धरला आणि निघाली बाजाराला. तुरूतुरू, तुरूतुरू.

बाजारात बोकेशेठचं दुकान होतं. दुकानाबाहेर गोळ्यांचं मशीन होतं. वर काचेचा गोल हंडा. हंड्यात लाल गोळ्या, पिवळ्या गोळ्या, हिरव्या गोळ्या. खाली एक फट आणि एक कान. फटीत बदाम टाकायचा, कान पिळायचा, की गोळी बाहेर. हंड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कायम ताज्या गोळ्या'. लिहिलं कोणी? बोकेशेठनीच.

झुबकीने बदाम टाकला. खुळुक. कान पिळला. खर्रर्र, खर्रर्र, टप्प. लाल गोळी हातात आली. कशी छान चकाकत होती. झुबकीने ती चावली. कट्ट. गोळी फुटली नाही, दातच हलला. मग जिभेला चव लागली. थोडी साबणासारखी, बरीचशी जुन्या गोणपाटासारखी. थू थू थू.

बदाम तर मशीनच्या पोटात गेला होता. झुबकीचे डोळे भरून आले. पण तिला रागही आला. गोळ्या हंड्यात कधी भरल्या, ते कुठेच लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर तिने वाचलं असतं. बदाम गालातच ठेवला असता.

उष्टी गोळी मुठीत धरून ती दुकानात गेली. तुरूतुरू, तुरूतुरू.

बोकेशेठ गादीवर लोळत होते. झुबकी म्हणाली,

"माझा बदाम गेला, शिळी गोळी आली.
बोकेशेठ, बोकेशेठ, गोळ्या कधी भरल्या त्याची पाटी लावा."

बोकेशेठनी जांभई दिली. गोळी शिळी नाही, तुझा दातच कच्चा आहे, असं म्हणाले. मग मिशीवरून पंजा फिरवला.

"सरडेमामा पाटी रंगवतील, तर मी पाटी लावीन. नाहीतर नाही."

झुबकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

सरडेमामा पाट्या रंगवायचे. दुकानाच्या पिवळ्या भिंतीवर बसले होते, म्हणून तेही पिवळे झाले होते. कोण भिंत आणि कोण मामा, कळत नव्हतं. झुबकी म्हणाली,

"बोकेशेठ पाटी लावेनात,
माझा बदाम गेला, शिळी गोळी आली.
सरडेमामा, सरडेमामा, पाटी रंगवा."

सरडेमामांनी एक डोळा तिच्याकडे केला. दुसरा बोकेशेठकडेच ठेवला. पाटीवर दिवस कोणता लिहू, म्हणाले. गोळ्यांची गोणी गाढवआजोबांनी आणली होती, मला काय ठाऊक?

"गाढवआजोबा दिवस सांगतील, तर मी पाटी रंगवीन. नाहीतर नाही."

झुबकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

गाढवआजोबा ओढ्याकाठी उभे होते. भुवया पांढऱ्या, गुडघे वाकलेले. अजूनही बोकेशेठच्या गोण्या वाहत होते. झुबकी म्हणाली,

"सरडेमामा पाटी रंगवेनात,
बोकेशेठ पाटी लावेनात,
माझा बदाम गेला, शिळी गोळी आली.
गाढवआजोबा, गाढवआजोबा, दिवस सांगा."

गाढवआजोबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कान पाडले. आठवतंय सगळं, हळूच म्हणाले, पण शेठना राग आला तर चारा कोण देणार?

"कोल्हेसाहेब हो म्हणतील, तर मी दिवस सांगीन. नाहीतर नाही."

झुबकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

कोल्हेसाहेब बाजाराचे साहेब. कोण काय विकतो, चांगलं विकतो की वाईट, ते बघायचं त्यांचं काम. साहेब ओसरीवर बसले होते. समोर पेढ्यांचं ताट. बोकेशेठनी नुकतंच पाठवलेलं. पेढे अगदी ताजे, अजून वाफ निघत होती. साहेबांना कधी मशीनचा कान पिळावा लागत नसे. झुबकी म्हणाली,

"गाढवआजोबा दिवस सांगेनात,
सरडेमामा पाटी रंगवेनात,
बोकेशेठ पाटी लावेनात,
माझा बदाम गेला, शिळी गोळी आली.
कोल्हेसाहेब, कोल्हेसाहेब, हो म्हणा."

साहेबांनी एक पेढा खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. मग तोंड पुसलं. एका खारीच्या जिभेवर मी कसा विश्वास ठेवू, म्हणाले. गोडाची खरी पारख मुंग्यांना.

"मुंग्या शिळी म्हणतील, तर मी हो म्हणेन. नाहीतर नाही."

साहेबांना वाटलं, साखर दिसली की मुंग्या तुटून पडतात. त्या कशाला शिळी म्हणतील?

झुबकी ओसरीवरून उतरली. पाय दुखत होते. दातही दुखत होता. तिला वाटलं, जाऊ दे तो बदाम, घरी जाऊन झोपावं. तेवढ्यात तिला मशीन दिसलं. मशीनपुढे सशाची तीन पिल्लं उभी होती. तिघांच्या हातात बदाम होते. सगळ्यात धाकट्याला तर नुकताच पहिला दात आला होता.

"थांबा," झुबकी म्हणाली. "मी येईपर्यंत कान पिळू नका."

आणि ती धावली. तुरूतुरू तुरूतुरू, तुरूतुरू तुरूतुरू.

कडुनिंबाच्या मुळाशी मुंग्यांचं वारूळ होतं. दारात मुंगीताई उभी होती. झुबकीला धाप लागली होती. तरी ती म्हणाली,

"कोल्हेसाहेब हो म्हणेनात,
गाढवआजोबा दिवस सांगेनात,
सरडेमामा पाटी रंगवेनात,
बोकेशेठ पाटी लावेनात,
माझा बदाम गेला, शिळी गोळी आली.
मुंगीताई, मुंगीताई, चाखून बघा."

मुंगीताईने 'नाहीतर नाही' म्हटलंच नाही. तिने एवढंच विचारलं, "गोळी कुठे आहे?"

झुबकीने गोळी बाजाराच्या मधोमध ठेवली. मुंग्या निघाल्या. एकीमागे एक, एकीमागे एक. सुळुसुळु, सुळुसुळु. सगळा बाजार बघायला जमला. कोल्हेसाहेबही आले, बोटं चाटत.

पहिली मुंगी गोळीपाशी गेली. हुंगलं. मागे फिरली. दुसरी गेली. हुंगलं. मागे फिरली. तिसरी थोडी हावरी होती, तिने जीभ लावली. मग तीही फिरली आणि वाटेत मातीला जीभ पुसत गेली. सगळी रांग गोळीला वळसा घालून घरी निघाली.

"शिळी," जाता जाता मुंगीताई म्हणाली. "आम्ही कधी गोड सोडून जातो का?"

सगळे साहेबांकडे बघत होते. साहेबांच्या मिशीला पेढा लागला होता, तोही सगळ्यांना दिसला. साहेबांनी बोकेशेठकडे पाहिलं. बोकेशेठ आभाळाकडे बघत होते. आता करणार काय?

मुंग्यांनी शिळी म्हटलं, म्हणून कोल्हेसाहेब हो म्हणाले.

कोल्हेसाहेब हो म्हणाले, म्हणून गाढवआजोबांनी तोंड उघडलं.

"ती गोणी मी आणली," ते म्हणाले. "तेव्हा मी शिंगरू होतो. पाठीवर वाहिलेली पहिलीच गोणी."

सगळ्यांनी आजोबांच्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं. मग गोळीकडे पाहिलं. आधी सशाची पिल्लं हसली. मग सगळा बाजार हसला. खी खी, खो खो, ही ही.

गाढवआजोबांनी दिवस सांगितला, म्हणून सरडेमामांनी पाटी रंगवली. आता ते गर्दीत उभे होते, म्हणून गर्दीच्या रंगाचे झाले होते. त्यांनी सुंदर अक्षरांत लिहिलं, 'गोळ्या भरल्या: गाढवआजोबा शिंगरू होते तेव्हा.'

सरडेमामांनी पाटी रंगवली, म्हणून बोकेशेठनी पाटी लावली. पण कुठे लावली? मशीनच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. लावली बघा पाटी, म्हणाले आणि पंजे झटकून गादीवर जाऊन बसले.

झुबकी सरसर सरसर मशीनवर चढली. शेपूट मशीनच्या मागे घातलं. पाटी ओढली, ढकलली, पुन्हा ओढली. पाटी तिच्याहून जड होती. मग सशाची पिल्लं आली. त्यांनी खालून लोटलं. गाढवआजोबांनी नाकाने लोटलं. पाटी फिरली आणि धप्पकन पुढे लटकली. 'कायम ताज्या गोळ्या' या अक्षरांवरच.

पिल्लांनी पाटी वाचली. आपापले बदाम खिशात घातले आणि घरी गेली. मग पाटी माकडाने वाचली. मुंगसाने वाचली. साळुंकीने दोनदा वाचली. त्या दिवशी मशीनचा कान कोणीच पिळला नाही. बोकेशेठनी हाका मारल्या. गोड हसून बघितलं. मिशी पिळून बघितली. पण मशीन काही खर्रर्र करेना.

शेवटी बोकेशेठ गादीवरून उठले. कितीतरी दिवसांनी कामाला लागले. हंडा उलटा केला. आतल्या गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा एकच गोळा झाला होता. तो खड्ड्यात पुरला. हंडा घासला. चुलीवर पाक ठेवला, संत्र्याचा रस घातला. शेपटीला दोन चटके बसले. पहाटे नव्या गोळ्या हंड्यात भरल्या. पाटी घेऊन स्वतः सरडेमामांकडे गेले. सरडेमामांनी जुनं पुसून लिहिलं, 'गोळ्या भरल्या: आज पहाटे.'

ही पाटी मात्र बोकेशेठनी पुढेच लावली.

झुबकी आली. तुरूतुरू, तुरूतुरू. सगळे बघत होते, म्हणून बोकेशेठनी तिचा बदाम तिला परत दिला. वर एक संत्र्याची गोळीही दिली. झुबकीने आधी पाटी वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग गोळी तोंडात टाकली. कुडुम कुडुम कुडुम.

बोकेशेठ वाकून बघत होते. हात जोडावेत की मिशी पिळावी, त्यांना कळेना.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

झुबकीने बोटं चाटली.

"आजची आहे," ती म्हणाली.

गोळी विरघळली, गोष्ट सरली. ऐकणाऱ्याने चूळ भरावी आणि गुपचूप झोपावं.