आधी दंड, मग मनगट

फार वर्षांपूर्वी, खैरवाडीत दिवे मिणमिणते होते आणि म्हाताऱ्यांचा शब्द तेवढा लख्ख चालायचा, तेव्हा तिथे ठकू नावाची कासारीण राहायची. तिच्या हाताखाली काच मेणासारखी मऊ व्हायची, असं म्हणतात.

गरोदर बाईला सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायचा, ही गावाची रीत. आणि दिवस गेले की तिच्या हाताला लोखंड लागू द्यायचं नाही, हीही रीत. म्हणून दर महिन्याला लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंना म्हातारे वेशीवरूनच परत पाठवत. मग बाळ जन्माला येई, नाळ गंजक्या विळ्याने कापली जाई, आणि आठवडाभरात बाळाचा जबडा मिटे. दूध ओढता येत नसे, अंग धनुष्यासारखं ताठे. गाव म्हणे, सटवाईने लिहिलं तेवढंच आयुष्य.

ठकूची लेक याच गावात दिलेली. तिचं बाळ असंच गेलं, ठकूच्या मांडीवर, मिटल्या ओठांवर ती दुधाचं बोट फिरवत असताना. ठकू रडली नाही. बाळाला चिंचेखाली पुरून पुरुष परतले, तेव्हा तिने त्यांना अडवलं.

"सुईचं लोखंड चालत नाही, आणि विळा काय लोण्याचा असतो?"

पुरुष तिला वळसा घालून घरोघर गेले.

नर्सबाईंच्या फेरीचा दिवस आला, तशी ती तडक वेशीवर गेली आणि बाळं का जातात ते विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "आईला महिन्याच्या अंतराने दोन सुया द्यायच्या, म्हणजे धनुर्वातापासून पोटातल्या बाळाचीही राखण होते. आणि नाळ उकळलेल्या पात्याने कापायची. एवढंच गं."

एवढंच! ठकूच्या डोक्यात जी आग पेटली, ती पुन्हा विझली नाही.

पुढे पाटलांच्या पारूला सातवा लागला. तिची आधीची दोन्ही बाळं चिंचेखाली होती. डोहाळजेवणाला ठकूने पारूचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाही वर कर."

"बांगड्या मनगटात भरतात गं बये!" सासू भागूबाई हसल्या.

"आधी दंड, मग मनगट. सुईची खूण दिसल्याशिवाय माझा चुडा चढायचा नाही."

सासरे अप्पा पाटील कडाडले, "बांगड्या विकायला आलीस ना? मग अक्कल कशाला विकतेस?"

"तुमच्या घरात नाही म्हणून, अप्पा."

तिला हाकलून दिलं. शेजारच्या गावचा कासार आणला. त्याने पहिली बांगडी चढवली, ती फुटली. दुसरी फुटली. अख्खी टोपली रिकामी झाली, अंगणात गुडघाभर हिरव्या काचा साचल्या, आणि पारूच्या हातावर ओरखडाही नाही, असं म्हणतात.

तेव्हा सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेली पारू उभी राहिली. तिने आपली बाही स्वतः वर ओढली.

"नर्सबाईंना बोलवा. माझी दोन त्या चिंचेने नेली. तिसरं मी देणार नाही."

या वेळी नर्सबाईंना वेशीवर कुणी अडवलं नाही. पहिली सुई सातव्यात टोचली, दुसरी आठव्यात. नवव्यात ठकूने चुडा भरला, तेव्हा बांगड्या पाण्यासारख्या सरकत गेल्या. नाळ उकळलेल्या पात्याने कापली. पारूला मुलगी झाली. आठव्या दिवशी ती दुधासाठी अशी किंचाळली, की चिंचेवरची सगळी पाखरं उडाली आणि तीन गावांनी ते रडणं ऐकलं, असं म्हणतात.

गावातले म्हातारे अजूनही डोळे मिटून सांगतात, केवढा तो काचेचा चमत्कार! काचेचा कसला? बाईने रागावून उभं राहणं त्यांना आजही चमत्कार वाटतं.

पण रीत बदलली. खैरवाडीत आज डोहाळजेवणाला पहिली बांगडी ठकूच्या नावाने भरतात. त्याआधी सुनेची बाही वर करून दंड सगळ्यांना दाखवावा लागतो, आणि तो सासूनेच दाखवायचा. चुडा भरताना एखादी बांगडी तडकली, तर सुनेकडे कुणीच बघत नाही. सगळ्या बायका सासूकडे वळून बघतात.