तिरकी पट्टी

अवजारं आपसांत बोलत, त्या दिवसांतली ही गोष्ट. मोरेश्वर मास्तरांनी पडवीत स्वतःच्या हातांनी राउटरचं, म्हणजे लाकडात खाच पाडणाऱ्या यंत्राचं, टेबल बनवलं. राउटर खाली उलटा टांगला, त्याचं फिरतं पातं मधल्या भोकातून वर काढलं आणि फळी टेकवून सरकवायला सागाची पट्टी बसवली. पट्टी एका टोकाला पक्की होती, त्यामुळे पात्यापासून हवं ते अंतर साधायला दुसरं टोक सरकवून आवळलं की ती तिरकी होई.

काटकोन मापणाऱ्या गुण्याने तिला टेबलाच्या कडेशी ताडून पाहिलं आणि तो खो खो हसला. "अगं, तू तर तिरकी! खाच वाकडी आली की बंबात जळायला जाशील."

पट्टी म्हणाली, "गुण्याभाऊ, टेबलाला मी तिरकी असेन. पण फळी टेबलाला नाही, मला टेकून जाणार. पात्यापासून माझं अंतर काही बदलत नाही."

मास्तरांनी फळी सरकवली. मग खाच तपासायला गुण्यालाच उचललं. या टोकाला, मध्ये, त्या टोकाला, खाच फळीच्या कडेपासून नेमकी तेवढ्याच अंतरावर होती.

गुण्या ओशाळला. "ताई, मी भलतीच कड मापत बसलो."

"पुढची फळी येऊ द्या," पट्टी म्हणाली आणि तिरकीच, पण ऐटीत उभी राहिली.