वरच्या खोबणीतले काळे दाणे

फार पूर्वी कुंडिनपुरात सुवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने जवळच्या डोंगरातील गुहेत वटवाघळाचा जन्म घेतला होता.

गुहेच्या छतात एक उबदार खोबण होती. कळपाचा नायक शिखरक आपल्या मर्जीतल्यांसह तेथे लटकत असे. एका वर्षी कळपात माश्या फार वाढल्या. या माश्यांना पंख नसतात. त्या वटवाघळाच्या लवेत राहतात आणि त्याच्याच रक्तावर जगतात. पिल्ले अशक्त होऊ लागली, तेव्हा कोणाला तरी दोषी ठरवणे भाग पडले.

दोष मंजिष्ठेवर आला. ती नुकतीच व्यायली होती, रोडावली होती. तिच्या विरळ लवेतल्या माश्या दुरूनही दिसत.

“हिनेच आणल्या,” शिखरक म्हणाला. “संध्याकाळी हिला पिल्लासकट गुहेच्या तोंडाशी काढा.”

तोंडाशी गार वारा होता आणि घुबडही होते.

“महाराज, पिल्लाला अजून लवसुद्धा फुटली नाही हो!” मंजिष्ठा म्हणाली.

“मग अंग साफ ठेवायचं होतंस, बाई!” मर्जीतला एकजण हसला.

बोधिसत्त्वाला निकाल पटला नाही. माशी राहते वटवाघळाच्या अंगावर, पण आपले पिल्लू भिंतीला चिकटवते आणि तेथे त्याचा काळा दाणा होतो, हे त्याने पाहिले होते. तो दिवसभर भिंतीवरून सरपटत फिरला. मंजिष्ठेच्या जागेपाशी चार काळे दाणे होते. शिखरकाच्या खोबणीत दाण्यांचा थरच होता आणि प्रत्येक दाण्यात एक माशी वाढत होती.

शिखरकाने त्याला गाठले. “आजोबा, या वयात तुम्हाला थंडी सोसत नाही. आजपासून माझ्याशेजारी लटका. भिंतीचं तेवढं बोलू नका.”

“खोबण उबदार आहे खरी,” बोधिसत्त्व म्हणाला. “माश्यांनाही तेच आवडलं.”

मग त्याने खोबणीतल्या दाण्यांचे सर्वांना सांगितले आणि त्यांच्यासमोर स्वतःचे पंख पसरले. काखेत माश्या होत्या. एकेकाने पंख उघडले. माश्या सर्वांकडेच होत्या. शिखरकाने मात्र पंख आणखी घट्ट मिटले, आणि कळपाला जे कळायचे ते कळले.

कळप दाण्यांची ती भिंत सोडून गुहेच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि मंजिष्ठेला मध्ये घेऊन दाटीने लटकला. पिल्लू जगले. तिसऱ्या दिवशी शिखरकही आला. बोधिसत्त्वाने सरकून त्याला जागा दिली.

ही कथा संपवून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, समोरच्या भिक्षूंकडे पाहिले. “खरूज झाली म्हणून काल ज्याला विहाराबाहेर काढलेत, तो सोमदत्त तेव्हा मंजिष्ठा होता. त्याला काढण्याचा हुकूम देणारा हा स्थविर उत्तरक तेव्हा शिखरक होता. ते म्हातारे वटवाघूळ मी होतो. त्या जन्मी मी सत्यपारमी आचरली, सत्य सोडले नाही.”

उत्तरकाने हळूच आपले हात चीवरात ओढून घेतले.

“हात बाहेर काढ, उत्तरका,” शास्ते शांतपणे म्हणाले. “सोमदत्ताला आत बोलावून आण. औषध दोघांना पुरेल.”