बांगड्यांवर जळणारं घड्याळ

हातात घड्याळ असलं की माणूस मुद्दाम बाही वर सारून हिंडायचा, त्या काळातली गोष्ट. मोदक करून विकणाऱ्या भागीरथीकाकूंकडे एक घड्याळ होतं. चूल पेटवण्याआधी काकू ते काढायच्या, पदराने पुसायच्या आणि कोरड्या फडताळात ठेवायच्या. हिरव्या बांगड्या मात्र हातातच राहायच्या. सवाष्णीने हात मोकळे ठेवायचे नसतात.

घड्याळाचा नुसता जळफळाट व्हायचा. "मोदकपात्र उघडताना या काचेच्या बांगड्या पुढे, आणि मी फडताळात! माझ्यात काय कमी आहे?"

एका संकष्टीला त्याने पट्ट्याचं बक्कल असं आवळून धरलं, की काकूंना ते सुटेना. "राहू दे मेलं!" म्हणत त्या तशाच कामाला लागल्या.

"बघितलंत?" घड्याळ बांगड्यांना म्हणालं. "आज मीसुद्धा!"

काकूंनी झाकण उचललं. वाफेचा लोट मनगटावर आला. घड्याळाच्या काचेवर आतून धुकं धरलं, काटे अडखळले. काकूंनी दचकून हात मागे घेतला, तेवढ्यात एक बांगडी पात्रावर आपटून फुटली. तिच्याकडे न बघता त्यांनी खटपट करून बक्कल सोडवलं आणि घड्याळ सुक्या तांदळात पुरून ठेवलं. मग बांगडीचे तुकडे केरात लोटले.

उरलेल्या बांगड्या हळूच म्हणाल्या, "आम्हाला कधी कुणी असं जपून काढून ठेवलं नाही रे. आम्ही रोज तुझ्यावर जळायचो."

 पण तांदळातलं घड्याळ केव्हाच बंद पडलं होतं.