दार नसलेलं मंडळीघर

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या या मंडळीघराचं छप्पर बाहेर उतरत नाही, आत उतरतं. चारही उतार मधल्या मोकळ्या चौकाकडे येतात आणि पावसाचं पाणी तिथल्या विहिरीत पडतं. पाहुणे आधी छपराकडे बघतात. दाराकडे लक्ष उशिरा जातं. चौकट आहे, दार नाही. त्यामागे एक गोष्ट सांगतात. मी ऐकली तशी सांगतो. माझ्या आठवणीचा मलाच फारसा भरवसा नाही, आणि घाटावरच्या खालच्या आळीत ती थोडी निराळी सांगतात.

पूर्वी आमच्या लोकांना नदीच्या घाटावर घागर बुडवू देत नसत. म्हणून त्यांनी इथे खडक फोडून विहीर खणली. त्या कामात रूथबाईचा नवरा दगडाखाली गेला. पुढे विहीर आटली. मग उपासनेला, लग्नकार्याला घर हवं म्हणून एलिया पाळकांनी आराखडा केला. पडलेल्या जुन्या चर्चचे दगड आणि लाकूड, ओढ्याची माती, वाऱ्याच्या वाटेवर खिडक्या. विकतचं काही आणायचं नव्हतं. जागा मात्र विहिरीचीच होती. ती बुजवायचं ठरलं.

सगळे हात वर झाल्याशिवाय आमची मंडळी कुदळ मारत नाही. त्या दिवशी एकच हात खाली राहिला, रूथबाईचा. लोक चिडले. मेलेल्या विहिरीला किती दिवस कवटाळणार, असंही कोणी तिला बोललं. पाळक मात्र तिच्याशेजारी जाऊन बसले म्हणे. तेव्हा ती म्हणाली, "तिला एकदा पोटभर पाऊस पाजा. मग बुजवा."

पाळकांनी घरी जाऊन आराखडा उलटा केला. विहीर मधल्या चौकात राहिली, छपराचं तोंड आत वळलं, आणि तिचा हात वर झाला.

विहीर भरली. मग ती बुजवायचं कोणी नाव काढलं नाही. पुढे एका उन्हाळ्यात नदी कोरडी पडली, गावातल्या विहिरींचा तळ दिसला. एका दुपारी घाटावरच्या घरांतल्या बाया घागरी घेऊन इथे आल्या. तेव्हा दार होतं, जुन्या चर्चचंच. तरण्या पोरांनी ते आतून लावून घेतलं.

"आता चालतं होय आमच्या हातचं पाणी?" एकाने आतून विचारलं.

बाहेरच्या बाया घागरी घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी काय करायचं ते रूथबाईने सांगावं असं ठरलं. विहिरीत तिचा माणूस गेला होता.

ती म्हणाली, "मी घाटावरून रिकामी परत आलेली बाई आहे. रिकामी घागर किती जड लागते, ते मला विचारा."

दार उघडलं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. उद्या पुन्हा कोणाला ते लावावंसं वाटेल, असं म्हणून तिने ते बिजागऱ्यांतून काढायला लावलं.

आजही ते दार विहिरीच्या काठाला आडवं टाकलेलं आहे. दोन्ही आळ्यांच्या बाया त्यावर घागरी टेकवतात. कडी अजून जागच्या जागी आहे. भरलेली घागर ठेवली की तेवढी वाजते.